बुरूज कोणाचा?

एखाद्या उत्तुंग इमारतीच्या माथ्यावरून खाली पसरलेले नगर पाहताना मनाला जो आनंद होतो, तो निर्दोष असतो काय? प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. रायपूरसारख्या शहरात आयुष्य गेलेल्या माणसापुढे तो सहसा येतही नाही. आमच्या तात्यापाऱ्यात गच्चीवर चढले तरी शेजाऱ्यांचे वाळत घातलेले पापड आणि बडी एवढेच दृष्टीस पडते. परंतु दुबईस नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने आग्रहाने बोलावून घेतले व बुर्ज खलिफाच्या १२४व्या मजल्यावर नेऊन उभे केले, तेव्हापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

प्रथम त्या वास्तूविषयी चार शब्द. ८२८ मीटर उंचीची व १६३ मजल्यांची ही इमारत २००४ साली बांधावयास घेतली गेली आणि ४ जानेवारी २०१० रोजी तिचे उद्घाटन झाले. पायथ्याशी कृत्रिम तळे, नाचरी कारंजी आणि एक अवाढव्य बाजारपेठ आहे. १२४व्या मजल्यावरील सज्जा जमिनीपासून सुमारे ४५२ मीटरांवर असून लिफ्ट तेथवर अवघ्या एका मिनिटात पोहोचविते. कानांत दडे बसतात, तेवढेच काय ते पाहुण्याचे श्रम. बांधणाऱ्यांचे श्रम निराळे होते. उन्हाळ्यात दिवसाच्या उष्म्याने काँक्रीट बिघडू नये म्हणून त्यात बर्फ मिसळून ते रात्री ओतीत असत. काम ऐन भरात असताना एकाच दिवशी सुमारे १२,००० माणसे तेथे राबत होती, आणि त्यांतील फार मोठा भाग आपल्या भारतीय उपखंडातून गेलेला होता.

वर उभे राहिल्यावर एका बाजूस आखाताचे निळे पाणी, दुसऱ्या बाजूस फिकट वाळवंट आणि मधून दोरीसारखा ताणलेला शेख झायेद रस्ता दिसला. ज्या इमारतींकडे खालून मान वर करून पाहावे लागले होते, त्यांचे माथे आता पायांखाली होते. भाचा म्हणाला, “मामा, माणसे मुंगीएवढीसुद्धा दिसत नाहीत, पाहा.” मी हसलो. खोटे कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता.

आणि त्याच क्षणी, भाषांतरकाराच्या खोडीप्रमाणे, मनाने एक शब्द धरला. अरबीतील ‘बुर्ज’ आणि मराठीतील ‘बुरूज’ हे एकच. शिवकालीन किल्ल्यांमुळे आपल्याला तो घरचा वाटतो, परंतु तो फारसीच्या वाटेने अरबीतून आपल्याकडे आला. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात शिनार देशाच्या मैदानात लोक जे उभारू लागले, त्यालाही आपण मराठीत ‘बुरूज’च म्हणतो. माझ्या हातातील तिकिटावर तोच शब्द होता.

हा शास्त्रभाग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे, निदान आपल्याला तसे वाटते. रविवारच्या शाळेतील चित्रांत कोसळणारा बुरूज आपण पाहिलेला असतो. मूळ पाठात बुरूज कोसळल्याचा उल्लेखही नाही. लोकांनी नगर बांधण्याचे थांबविले, एवढेच तेथे म्हटले आहे. देवाला उंचीचा राग आला असेही तेथे लिहिलेले नाही. उलट ज्याचे शिखर आकाशाला भिडावे अशी ज्यांची इच्छा होती, त्यांचा तो बुरूज पाहण्यासाठी परमेश्वराला खाली उतरावे लागले. इब्री लेखकाच्या लेखणीत येथे एक मिस्कील हास्य आहे. बांधणाऱ्यांनी स्वतःचा हेतूही स्पष्ट सांगितला आहे: त्यांना नाव करावयाचे होते.

आता मला माझी एक चूक तुमच्यापुढे मांडली पाहिजे. काही वर्षांपूर्वी छत्तीसगढी भाषांतराचा एक मसुदा घेऊन मी महानदीकाठच्या एका गावी तपासणीसाठी गेलो होतो. भाषांतराचा मसुदा तयार झाला की तो गावकऱ्यांना वाचून दाखवावयाचा, प्रश्न विचारावयाचे आणि अर्थ पोहोचला की नाही हे वहीत नोंदवावयाचे, अशी पद्धत आहे. ओसरीवर सात-आठ बाया बसल्या होत्या. मी वाचले की त्या लोकांनी एकमेकांना म्हटले, चला, विटा करू या व त्या पक्क्या भाजू या. मग म्हटले, नगर व बुरूज बांधू या आणि नाव करू या. त्यांतील एका वयस्क बाईला मी विचारले की हे बोलणारे कोण होते. तिने उत्तर देण्याऐवजी मलाच विचारले, “कोन हमन?” म्हणजे, हे ‘आम्ही’ म्हणणारे कोणते? विटा पाडणारे की नाव करणारे?

मी म्हणालो, तेच ते, दोन्ही एकच. तिने मान हलविली. ती बाई उभे आयुष्य वीटभट्टीवर राबलेली होती. खरिपाचा भात कापून झाला की छत्तीसगढमधून हजारो कुटुंबे मुलाबाळांसह उत्तरेकडील भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. ठेकेदाराची उचल आधीच खर्चून झालेली असते व मजुरी हजार विटांमागे मिळते. इकडे त्याला ‘कमाए-खाए बर जाना’ म्हणतात. रायपूरच्या स्थानकावर बोचकी, भांडी आणि पेंगणारी मुले घेऊन फलाटावर बसलेली ही माणसे मी वर्षानुवर्षे ओलांडून गाडीत चढलो आहे. ‘चला’ म्हणणारा आणि चिखल तुडविणारा एकच असू शकतो, यावर तिचा विश्वास बसेना. मला उशीर होत होता. तिच्या नावापुढे मी नोंद केली: अर्थ समजला नाही.

दुबईच्या त्या सज्ज्यावर मला कळले की अर्थ मलाच समजला नव्हता. आपल्या मराठीला देवाने एक देणगी दिली आहे, जी इब्रीला नाही, हिंदीला नाही आणि छत्तीसगढीलाही नाही. ऐकणाऱ्याला सामावून घ्यावयाचे असेल तर आपण ‘आपण’ म्हणतो; त्याला बाहेर ठेवावयाचे असेल तर ‘आम्ही’. एवढा बारीक भेद रोजच्या बोलण्यात पाळणारी माणसे आपण, परंतु बाबेलच्या गोष्टीत तो कोठे लागू करावा, हे भट्टीवरच्या त्या बाईने विचारले होते. विटा पाडताना ‘आपण’ आणि नाव कोरताना ‘आम्ही’, असे तर तेथे झाले नसेल?

ज्या बुरुजावर मी उभा होतो तो उद्घाटनाच्या दिवसापर्यंत ‘बुर्ज दुबई’ म्हणून ओळखला जात होता. त्याच दिवशी त्याला अबूधाबीचे तत्कालीन अधिपती शेख खलिफा यांचे नाव देण्यात आले. त्याच्या तीनच आठवडे आधी अबूधाबीने कर्जात अडकलेल्या दुबईला दहा अब्ज डॉलरांचे साहाय्य केले होते. नावाचा हिशेब असा फार लवकर मिटतो. मार्च २००६ मध्ये याच ठिकाणी सुमारे २,५०० मजुरांनी वेतन व वागणूक यांविषयीच्या असंतोषातून मोडतोड केली होती, तो हिशेब मात्र सज्ज्यावर कोणी सांगत नाही.

ही काही आजची रीत नव्हे. नबुखद्नेस्सर राजाने बाबेलचा भव्य मंदिर-मनोरा पूर्णत्वास नेला आणि आपल्या बांधकामांच्या असंख्य विटांवर आपल्या नावाचा शिक्का उमटविला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक वीट आहे की जिच्यावर राजाच्या शिक्क्याखेरीज अरामी अक्षरांत ‘झबिना’ असे एक नाव आहे, बहुधा ती वीट पाडणाऱ्या मजुराचे. रब्बींच्या एका प्राचीन कथेत म्हटले आहे की बाबेलच्या बुरुजावरून माणूस पडून मेला तर कोणी लक्ष देत नसे, वीट पडली तर मात्र बसून रडत. रब्बींनाही त्या बाईचा प्रश्न पडलेला असावा.

भाच्याशी मी हे बोललो तेव्हा त्याने जे उत्तर दिले ते तुमच्याही मनात आले असेल. तो म्हणाला, “मामा, ही माणसे स्वखुशीने येतात. त्यांच्या पैशावर गावाकडे घरे उभी राहतात, मुली शिकतात.” हे खरे आहे, आणि वातानुकूलित जागी उभे राहून ते नाकारण्याचा अधिकार मला नाही. बुरूज बांधूच नये असेही माझे म्हणणे नाही. परंतु पोट भरले म्हणून ‘आपण’मधला वाटा फिटला, असे समजावे काय?

परतताना संध्याकाळ झाली होती. रस्त्यावर मजुरांनी भरलेल्या बसगाड्यांची रांग चालली होती. खिडक्यांना टेकलेली डोकी, बहुतेकांचे डोळे मिटलेले. भाचा म्हणाला, या सोनापूरला जातात. शहराच्या कडेच्या मुहैस्ना भागातील मजूर-वस्तीला लोक या नावाने ओळखतात. जुन्या मुंबईकर वाचकांना वेगळे सांगावयास नको की आपल्या बोलीत सोनापूर म्हणजे मसणवट.

नव्या करारात उंचावरून पाहिल्याचे दोन प्रसंग मला त्या रात्री आठवले. एकदा सैतानाने येशूला अतिशय उंच डोंगरावर नेऊन जगातील राज्ये व त्यांचे वैभव दाखविले. तेथे एकही माणूस दाखविल्याचा उल्लेख नाही. दुसऱ्यांदा जैतुनाच्या डोंगराच्या उतरणीवर तोच येशू समोर पसरलेले यरुशलेम पाहतो. तो डोंगर नगरापेक्षा उंच आहे, म्हणजे दृश्य वरूनच होते आणि विलोभनीयच असणार. परंतु त्याला नगरातील लेकरे दिसली, आणि तो रडला. मी १२४व्या मजल्यावर छायाचित्रे काढली.

एक गोष्ट आणखी सांगावयाची राहिली. आमचे भाषांतर छापले जाते तेव्हा मुखपृष्ठाच्या आतील पानावर संस्थेचे नाव असते. त्या ओसरीवर बसून शब्द पुरविणाऱ्या, चुका दाखविणाऱ्या बायांची नावे कोठेही नसतात. तपासणीच्या अहवालात मी लिहिले होते, ‘आम्ही तपासणी पूर्ण केली.’ मराठीत लिहिले होते, म्हणजे शब्द निवडूनच लिहिला होता.

रायपूरला परतल्यावर मी ती वही काढली आणि मार्गशीर्षात पुन्हा त्या गावी गेलो. बाईच्या दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले, “कमाए-खाए बर गे हे.” आता ती पावसाच्या तोंडाशी येईल. वहीतील ती नोंद मी खोडली आहे. मसुद्याच्या समासात, त्या ओळीसमोर, तिचेच दोन शब्द पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. ते पान मी अद्याप छापखान्याकडे पाठविलेले नाही.