ताट आणि लोकलाज

मनुष्य अन्न निवडतो ते कशाच्या आधारे? भुकेच्या, असे आपण म्हणू. पण सज्जनहो, भूक नुसती ‘खा’ म्हणते. ‘काय खा’ हे बहुधा शेजारी ठरवितात! दारी पाहुणा आला की ज्वारीची भाकरी दुरडीत झाकायची आणि त्याच्यासाठी पोळी लाटायची, ही रीत कोणत्या शास्त्राने सांगितली?

मंगळवेढ्याचेच घ्या. दुष्काळात कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा या गावची. तिथली काळी भुई पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. उसासारखे पाणी मागत नाही. दाणा माणसाला, कडबा गुराला. कोंड्यासकट दळली जाते म्हणून पोटालाही हितकर. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. एवढे असून लग्नाच्या पंगतीत तिला पान नाही!

यावर पूर्वपक्ष असा : ‘ज्याला जे रुचेल ते त्याने खावे, यात धर्माधर्म कसला?’ बरे, पण रुची तरी आपली असते का? एकादशीचा साबुदाणा पाहा. तो ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा नि शेंगदाणा, तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. जुन्या स्मृतिकारांना ते ठाऊक असणे शक्यच नाही. तरी ते उपवासाच्या ताटात बसले, कारण चारचौघांनी बसविले. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हेही चारचौघांनीच चालविले!

तेव्हा सिद्धान्त हा की, माणसांनी घातलेली रीत माणसांना बदलता येते. मात्र एकट्याने बदलली तर लोक हट्ट म्हणतात, पंगतीने बदलली तर आचार म्हणतात. दिंडीच्या पंगतीत पिठलं-भाकरी सगळेच खातात. तिथे भाकरीला कोणी गरिबी म्हणत नाही. भाकरी तीच, पाहणारे डोळे निराळे.

पण बदलावे कोणी? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की श्रेष्ठ जसे वागतो तसे इतर वागतात. म्हणून ज्याला भाकरीखेरीज दुसरे परवडत नाही, त्याला तिचे गुण ऐकवणे हा उपदेश नव्हे, थट्टा आहे. भार मानकऱ्यांवर आहे. ज्याच्या ताटाकडे गाव पाहते, त्याने घरच्या कार्यात भाकरी करावी आणि पहिली आपल्या पानात वाढून घ्यावी. मग गरिबाघरची दुरडी झाकावी लागणार नाही.