परक्याचा शब्द आणि आपला कान

शरयूच्या काठी रात्री घागर बुडबुडली आणि दशरथाला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. त्याने आवाजावर बाण सोडला. शब्दवेधी राजाचा कान तीक्ष्ण होता, नेमही अचूक होता. चुकला तो फक्त अर्थ. आईवडिलांसाठी पाणी भरायला आलेला श्रावण कोसळला. मराठी घरांत ही गोष्ट मातापित्यांच्या सेवेची म्हणून सांगतात. पण ती ऐकण्याचीही गोष्ट आहे, आणि मुलाचे नाव श्रावण असावे हा योग अंगावर काटा आणणारा आहे.

19 एप्रिल 2013 च्या पहाटे अमेरिकेत तसाच एक बाण सुटला. बॉस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांच्या संशयितांचा पाठलाग चालू होता आणि असंख्य लोक घरबसल्या पोलिसांचे वायरलेस संदेश ऐकत होते. स्कॅनरवर, म्हणजे असे संदेश पकडणाऱ्या रेडिओवर, अमुक नाव ऐकू आले, असे कुणीतरी लिहिले. बघता बघता एका बेपत्ता, संपूर्ण निरपराध विद्यार्थ्याचे नाव संशयित म्हणून देशभर पसरले. नंतर ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा त्यांत ते नाव संशयिताचे म्हणून सापडले नाही. त्याच्या घरच्यांच्या यातना मात्र खऱ्या होत्या.

जे आपल्याला उद्देशून बोललेले नाही, ते ऐकावे का? हा प्रश्न रेडिओहून फार जुना आहे. मराठीने तर त्याची छाननी क्रियापदांतच करून ठेवली आहे. शब्द कानावर पडतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा दोष नसतो. कानोसा घेणे यात सावधपणा आहे, कान देणे यात आदर आहे. दाराला कान लावणे मात्र कुणालाच शोभत नाही. स्कॅनर विकत घेणारा माणूस या चारांपैकी नेमके काय करतो?

उत्तरासाठी वेदांताची एक जुनी शिस्त उपयोगी पडते. ग्रंथाला हात घालण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट असाव्यात असा दंडक आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त हे अनुबंधचतुष्टय आरंभीच येते. ग्रंथासाठी केलेली ही मांडणी रेडिओच्या खरेदीलाही लागू पडते, कारण दोन्हीकडे मुख्य काम श्रवणाचेच आहे.

आधी विषय. दुकानात पाऊल टाकणारा सहसा विचारतो, कोणता स्कॅनर चांगला? खरे तर आधी विचारायला हवे, ऐकायचे काय? अमेरिकेत विमाने आणि नियंत्रण मनोरे 118 ते 137 मेगाहर्ट्‌झवर बोलतात, तेही जुन्या एएम पद्धतीने. जहाजांचा 16 क्रमांकाचा चॅनेल 156.8 वर आहे. रेल्वेगाड्या 160 ते 161 च्या आसपास सापडतात. हवामान खात्याची केंद्रे 162.400 ते 162.550 या पट्ट्यातील सात ठिकाणी रात्रंदिवस बोलत असतात. एवढे ऐकायला शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरातला युनिडेनचा बीसी125एटी पुरतो. त्यात पाचशे चॅनेल साठवता येतात. संगणक हाताशी असेल, तर तीस-चाळीस डॉलरची आरटीएल-एसडीआर डोंगल त्याहून मोठा पट्टा उघडते. ही डोंगल मुळात दूरचित्रवाणी पाहण्यासाठी होती. तिच्यातील चिप लहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाला देऊ शकते, हे 2012 च्या सुमारास हौशी तंत्रज्ञांनी दाखवून दिले आणि गरिबाघरी रेडिओची प्रयोगशाळा आली.

मोठ्या शहरांच्या पोलिसांची डिजिटल ट्रंकिंग (मोजके चॅनेल अनेकांत वाटून देणारी) यंत्रणा ऐकायची, तर कित्येक शे डॉलरचा स्कॅनर लागतो. संदेश सांकेतिक केलेले असतील, तर तोही मुकाच राहतो. म्हणून जवळच्या यंत्रणा ॲनालॉग आहेत की डिजिटल, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. स्वस्त यंत्राच्या वाट्याला उरतात ते वैमानिक, खलाशी, रेल्वेचे गार्ड, हवामान आणि हौशी रेडिओवाले. यातले बहुतेक जण उघड्यावर, कामापुरते आणि सर्वांच्या सुरक्षिततेसाठी बोलत असतात. अपुऱ्या पैशांनी घातलेली ही मर्यादा ऐकणाऱ्याच्या हिताची आहे.

मग संबंध. श्रोता आणि विषय यांना जोडते ती अँटेना, आणि खरेदीत सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होते. स्कॅनरसोबत येणारी आखूड रबरी अँटेना बरोबर नेण्यासाठी ठीक; घरात तिच्यावर विसंबणे म्हणजे कानात बोळे घालून कीर्तनाला बसणे. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून महागड्या यंत्रापेक्षा माळ्यावर किंवा गच्चीवर चढवलेली साधी अँटेना जास्त काम करते. पाव लहरीच्या तारेची लांबी काढणे सोपे आहे: 7500 ला मेगाहर्ट्‌झने भागायचे, उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळते. विमानांसाठी सुमारे 59, जहाजांसाठी 48, हवामानासाठी 46. प्रत्यक्षात तार याहून किंचित आखूड कापतात. एक तार उभी, चार खाली झुकलेल्या, मध्ये एक सॉकेट, खर्च नगण्य. केबल मात्र होईल तितकी आखूड ठेवावी, विजेच्या तारांपासून लांब राहावे आणि बाहेरच्या अँटेनाला अर्थिंग द्यावेच.

सगळेच पट्टे हवे असतील, तर डिस्कोन अँटेना मिळते. ती सर्वांना थोडथोडे ऐकते आणि कुणाकडेही विशेष झुकत नाही. मापाने कापलेली तार मात्र एका विषयाला वाहिलेली असते. तार कापणाऱ्याने काय ऐकायचे ते ठरवलेले असते, आणि काय सोडून द्यायचे तेही. समर्थांनी दासबोधात श्रवणाला नऊ भक्तींत पहिले स्थान दिले, ते भागवताच्याच क्रमाने. पण पहिली पायरी म्हणजे वाटेल ते कानात भरणे नव्हे. स्कॅनरवरचे स्क्वेल्चचे बटण हा विवेक हाताला शिकवते. ते फार सैल सोडले तर नुसती खरखर येते, फार आवळले तर दूरचा क्षीण आवाज कायमचा हरवतो.

तिसरा मुद्दा अधिकाराचा, आणि इथे धर्म व कायदा एकमेकांच्या जवळ येतात. साधारण हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइनकाठच्या ज्यू समाजात रब्बी गेर्शोम यांच्या नावाने एक निर्बंध रूढ झाला: दुसऱ्याचे पत्र त्याच्या परवानगीवाचून वाचायचे नाही. कुराणाच्या एकोणपन्नासाव्या सुरेत इतरांच्या पाळतीवर राहण्याची आणि पाठीमागे निंदा करण्याची मनाई एकाच आयतीत येते. चोरून ऐकणे आणि ते पसरवणे ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत, असे तिथे मानलेले दिसते. अमेरिकेच्या 1934 च्या दळणवळण कायद्यानेही नुसत्या ऐकण्यापेक्षा ऐकलेले उघड करण्यावर बोट ठेवले. पुढे 1986 मध्ये मोबाइलवरचे खासगी संभाषण पकडणेच गुन्हा ठरले, आणि 1994 पासून ते पट्टे ऐकणाऱ्या स्कॅनरची निर्मिती बंद झाली.

भारतात 1933 च्या वायरलेस कायद्याने यंत्र जवळ बाळगण्यालाच परवान्याची अट घातली होती, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाने आजचा नियम आधी पाहावा. याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. न्याय-वैशेषिक दर्शन आकाशाला शब्दाचा आश्रय मानते, आणि ते आकाश एक, अखंड, सर्वव्यापी आहे. त्या विचारवंतांना रेडिओ ठाऊक होता असे म्हणणे हा त्यांचा अपमान ठरेल. विद्युत-चुंबकीय लहर म्हणजे ध्वनी नव्हे. तरीही त्यांची कल्पना एक गाठ सोडवते. माध्यम सर्वांचे असते, त्यातून आलेला शब्द मात्र कुणाचा तरी असतो. रस्ता सार्वजनिक आहे म्हणून रस्त्यावरच्या माणसाचा खिसा सार्वजनिक होत नाही.

उलट बाजूही खरी आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 2023 पासून आपले संदेश सांकेतिक करायला सुरुवात केली, तेव्हा वार्ताहरांनी विरोध केला. सत्ता रस्त्यावर काय करते, हे स्वतंत्रपणे ऐकणारा कान त्यामुळे मिटतो. पोलीस सार्वजनिक अधिकार वापरत असतात, म्हणून त्यांचा शब्द पूर्णपणे खासगी म्हणता येत नाही. पण रुग्णवाहिकेतून सांगितला जाणारा आजाऱ्याचा पत्ता हा त्या आजाऱ्याचाच असतो. दोन्ही आवाज एकाच स्पीकरमधून येतात. ते वेगळे करण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. ते ऐकणाऱ्यालाच करावे लागते.

राहिले प्रयोजन. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगताना श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन ठेवले. बॉस्टनच्या त्या पहाटे श्रवण होते, मननाला वेळच दिला गेला नाही. अर्धवट ऐकलेला शब्द पुढे ढकलणे हेच जणू लोकांचे प्रयोजन झाले होते. वायरलेसवरचा शब्द बहुधा शंका असतो, अंदाज असतो, क्वचितच निष्कर्ष. तो स्वतःपाशी ठेवता येणे, ही स्कॅनर बाळगणाऱ्याची पहिली पात्रता.

आणि न ऐकण्याचेही पाप असते. 14 एप्रिल 1912 च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर दिवसभराच्या कामानंतर यंत्र बंद करून झोपला. त्यानंतर थोड्याच वेळात, काही मैलांवर, टायटॅनिक हिमनगावर आदळले. दोष त्या थकलेल्या तरुणाचा नव्हता. रात्री कुणीतरी जागे राहून ऐकावे असा नियमच नव्हता. ‘कार्पेथिया’चा ऑपरेटर झोपायच्या तयारीत होता, पण हेडफोन अजून कानावर होते. त्यामुळे सातशेहून अधिक माणसे वाचली.

पुढे समुद्रावर संकटाच्या हाकेच्या 500 किलोहर्ट्‌झच्या लहरीसाठी एक रीत पडली. जहाजांच्या रेडिओखोलीतील घड्याळांवर तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे रंगवलेले असत. काटा त्या लाल पट्ट्यावर आला की ऑपरेटर संदेश पाठवण्याच्या किल्लीवरून हात काढून घेत आणि कुणा अनोळखी जहाजाची क्षीण हाक येते का, ते कान देऊन ऐकत.