जोते उंच झाले, पाणी कुठे गेले?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली आणि दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा तेवढीच चढली. त्याआधी 2005 चा महापूर होताच. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या या शहरात नदीकडेच्या सखल जमिनींवर मुरुमाचे डंपर रिकामे होत राहतात, आणि बहुतेक वेळा कागदोपत्री त्यात काही वावगे नसते. मला खरी काळजी त्याचीच वाटते.

आपल्याकडे नकाशावर दोन पूररेषा आखतात. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हटले की तो येऊन गेल्यावर पुढची शंभर वर्षे घोर नाही, असा समज होतो. पण त्याचा अर्थ एवढाच की तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. वीस वर्षांचे गृहकर्ज काढून लाल रेषेला लागून घर घेतले, तर हप्ते फिटेपर्यंत पाणी दारात येण्याची शक्यता साधारण 18 टक्के आहे. निळ्या रेषेवर ती 56 टक्के होते. हा हिशेब घर घेणाऱ्यापुढे कोणी मांडत नाही.

राज्याची 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध मानते. तिथे बाग, मोकळी जागा, वाहनतळ असे मोजकेच वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित आहे. तिथे लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. म्हणजे नियमाचा प्रश्न एकच: या इमारतीत पाणी शिरेल का? या इमारतीमुळे दुसऱ्या कोणाच्या घरात शिरेल का, हा प्रश्न ही उंचीची अट विचारत नाही.

एक एकर जमिनीवर एक मीटर भराव टाकला की पुराच्या वेळी तिथे मावणारे सुमारे 40 लाख लिटर पाणी बाहेर ढकलले जाते. एका प्लॉटपुरते पाहिले तर नदीच्या पातळीत त्याने मोजण्याइतका फरक पडत नाही, आणि सल्लागाराचा अहवाल तसे प्रामाणिकपणे लिहूही शकतो. पण शेजारचा प्लॉट, त्यापलीकडचा आणि समोरच्या काठावरचा असे पन्नास अहवाल खरे ठरले, तरी बेरीज खोटी ठरते. परवानगी प्लॉटला मिळते, पूर मात्र अख्ख्या खोऱ्याचा असतो. ते पाणी शेवटी जुन्या, बुटक्या जोत्यांच्या गल्ल्यांत शिरते. तिथल्या माणसांनी ना भराव टाकलेला असतो, ना नफा कमावलेला.

इंग्लंडच्या नियोजन धोरणात क्रम उलटा आहे. कमी धोक्याची दुसरी जागा उपलब्ध आहे का, हे आधी तपासायचे. नसेल तरच पूरप्रवण जागेचा विचार. नव्या बांधकामाने इतरत्र धोका वाढता कामा नये, ही तिथे स्पष्ट अट आहे. भरावाने जेवढी जागा अडते तेवढी जवळच, त्याच पातळीवर, खोदून मोकळी करून द्यायला सांगितले जाते. तिथेही पूरमैदानात घरे होतात, धोरण मोडते. पण प्रश्न तरी विचारला जातो.

आपल्याकडे रेषांचाही भरवसा तपासायला हवा. 25 जुलै 2024 ला पुण्यात खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. निळ्या रेषेसाठी धरलेल्या विसर्गापेक्षा हा आकडा बराच कमी होता. धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचे पाणी, अरुंद झालेले पात्र, काठावरचा राडारोडा हे सगळे रेषा आखल्यानंतरही बदलत असते. म्हणून प्रत्येक पूररेषेवर तारीख हवी आणि ठरावीक मुदतीने ती नव्याने मोजली जायला हवी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चिपळूणमध्ये 2021 च्या पुरानंतर रेषा आखल्या गेल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांत आला आणि लोक रस्त्यावर उतरले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला घर दुरुस्त करायलाही मनाई करणे अन्याय आहे. जुन्या वस्तीला संरक्षण आणि पुनर्बांधणीची वाट द्यावीच लागेल. पण मोकळ्या शेतजमिनीवर उद्या उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाला त्या वस्तीच्या दुःखाआड लपता येणार नाही.

नगररचना विभागांनी पूरपट्ट्यातल्या प्रत्येक भरावाची एकत्रित, लोकांना पाहता येईल अशी नोंदवही ठेवावी, आणि नव्या प्रस्तावाचा अहवाल त्या बेरजेवर तपासावा. भरावाऐवजी खांबांवर, खालून पाणी वाहू देणारी रचना सक्तीची करावी. पुरात रस्ता बुडाल्यावर रहिवासी बाहेर कसे पडणार, याचे उत्तर नसेल तर परवानगी नाकारावी. शाळा आणि रुग्णालयांच्या बाबतीत तर नक्कीच. आणि आपण नदीजवळ घर पाहायला जाल तेव्हा बिल्डरकडे पूररेषेचा नकाशा मागा, जोत्याखाली किती भराव आहे ते विचारा, आणि मागच्या गल्लीत जाऊन 2019 ला पाणी कुठवर आले होते याचीही चौकशी करा.