पुसलेल्या रेषेचा धनी

प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांच्या हाती टॅबलेट द्यावा आणि शिक्षकांनी बाजूस सरून मुलांनीच मुलांस शिकवावे, ही कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने टॅबलेट वापरात आणून नाव मिळविले, त्यालाही बरीच वर्षे लोटली. खर्चाची व डोळ्यांची चिंता वाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस छळणारा प्रश्न वेगळा आहे: अशा तासाचे पुढारपण मुलाकडे येते, तेव्हा ते खरोखर कोणाचे असते?

जुन्या तासाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि काठची झोपडी हे चित्र आपणांपैकी कोणी काढले नाही? ज्याने जन्मात डोंगर पाहिला नव्हता, त्यानेही काढले. त्या जाचातून मूल सुटत असेल तर आनंदच आहे. परंतु टॅबलेटात झाड तयार, फूल तयार, बोट टेकताच रंग भरलेला, असे असेल तर गुरुजींच्या खुर्चीवर वर्गात नसलेलाच कोणी येऊन बसला म्हणावयाचा. गुरुजींशी निदान हुज्जत घालता येत असे!

आम्ही राहतो त्या डमडमला यंत्र आणि कला यांचा संबंध जुना आहे. ग्रामोफोन कंपनीचा तबकड्यांचा मोठा कारखाना येथेच होता. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर राग आळविणाऱ्या गवयांस हे बंधन जाचले असणार. पण त्याच्याशी झुंजता झुंजता कित्येकांनी आपले गाणे नव्याने बांधले. टॅबलेटाची गोष्ट उलटी आहे. तेथे केलेले काहीच बाधत नाही. खुणेवर बोट ठेवले की चुकलेली रेषा नाहीशी होते, जणू ती कधी ओढलीच नव्हती.

येथे रवींद्रनाथांची आठवण होते. १९२४ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, अर्जेंटिनात असताना ‘पूरबी’च्या हस्तलिखितात ते शब्द खोडीत आणि त्या खाडाखोडी एकमेकींस जोडून त्यांतून पशुपक्ष्यांसारखे विलक्षण आकार घडवीत. पुढे १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. खोडलेले डोळ्यांसमोर उरले नसते, तर त्यातून चित्र निघाले असते काय?

तथापि हा दाखला प्रौढाचा आहे, आणि तोही जगन्मान्य कवीचा. सात वर्षांच्या मुलीस कागद वाया गेल्याचे बोल बसतात, शेजारचे मूल हसते, रंगाची पेटी अर्ध्या वर्षात संपते. तिला निःशंकपणे रेघ ओढू देणारे साधन आम्ही कोणत्या तोंडाने नाकारावे? पाटीही पुसलीच जाई. मात्र ओल्या फडक्याने पुसली तरी तिच्यावर मागच्या अक्षरांची पांढुरकी छाया राहत असे.

तशी छाया ठेवणे टॅबलेटासही अशक्य नाही. चित्र कसकसे घडले याची नोंद काही साधनांत राहते व नंतर ती चलच्चित्रासारखी पाहता येते. तासाचे पुढारपण करणाऱ्या मुलाने पुऱ्या झालेल्या चित्राऐवजी ही नोंद सवंगड्यांस दाखवावी, येथे हात अडला, येथे विचार बदलला, असे सांगावे; आमच्या मते खरे शिकविणे यातच आहे. मात्र ती नोंद कोणापुढे उघडावी हे मुलाने ठरवावे. शिक्षकांनी तिच्यावरून गुण देऊ नयेत आणि पालकसभेत ती मांडू नये. हौशी आईबापांना, ज्यांत आम्हीही आलो, हे अंमळ जड जाईल. पण लपविण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याने दाखविले यात त्याचे देणे ते कोणते?