गिऱ्हाइकाला काय विचारावे?



आपल्यापैकी पुष्कळजण साताऱ्यात किंवा सांगली-मिरजेला दुकानात, बँकेत, औषधांच्या काउंटरवर नोकरी करतात. गिऱ्हाइकाला प्रश्न कसे विचारावेत, याचे त्यांना आता शिक्षण देतात. ‘काका, रोख देणार की कार्ड?’ घ्यायचे की नाही, हे विचारलेलेच नसते! यात पाप आहे का? आम्हाला वाटते, उत्तर ऐकून विकणारा आपला बेत बदलायला तयार आहे की नाही, यावर ते ठरते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेलात, तर आधी प्रश्नच होतील. गाणार कोण, पुरुष की स्त्री? पट्टी कोणती, काळी एक की काळी चार? घरी रियाजाला हवा की प्रवासात न्यायचा? पुरुषांच्या तंबोऱ्याचा भोपळा मोठा, स्त्रियांचा तंबोरा लहान, तारा वेगळ्या. चुकीचा नेला तर तार जास्त ताणून तुटते किंवा ढिली पडून जवारी खुलत नाही. त्यामुळे उत्तर ऐकून कारागीर समोरचे तयार वाद्य बाजूला ठेवतो आणि थांबायलाही सांगतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावामागे लाकूड-भोपळ्याइतकेच हे विचारणेही असावे.

यरीहोच्या वाटेवर प्रभूने आंधळ्या बार्तिमयालाही आधी त्याची इच्छा विचारली. गरज तर उघड दिसत होती!

(बिल करताना मोबाईल नंबर विचारतात, तो प्रश्न मात्र गिऱ्हाइकासाठी नसतो. नंबरची सक्ती करू नका, असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे. खुशाल नाही म्हणावे.)

आता साताऱ्याची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका मावशी पतीच्या निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवायला बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलाने गोड आवाजात विचारले: नातवंडे किती? व्याज कमी पडते ना? पैसा वाढायला हवा ना? मावशी दर वेळी ‘हो बाळा’ म्हणाल्या. ‘हे पैसे मध्येच लागले तर?’ एवढे कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी हप्त्याची सूचना आली, तेव्हा कळले की ती ठेव नव्हेच, बाजाराशी जोडलेला विमा आहे. त्यात पैसे ५ वर्षे अडकतात. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्याची मुदत असते, २०२४ पासून ती ३० दिवसांची आहे. पण मावशींना हे सांगणार कोण? त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उसन्या पैशांवर झाले.

अशाच काउंटरवर बसणाऱ्या आपल्यातल्या एका तरुणाला आम्ही हे सांगितले. तो गप्प झाला. मग म्हणाला, “तो प्रश्न विचारला की निम्मे लोक मुदत ठेवच मागतात. महिनाअखेर साहेबांना काय दाखवू? घरी दोन लहान मुले आहेत.” आम्ही काय बोलणार? आमच्या डोक्यावर टार्गेट नाही, आम्हाला उपदेश सोपा. त्याला टाळण्याची शिकवण देणारे तर वरच्या मजल्यावर बसतात, आणि मावशींसमोर त्यांना कधीच यावे लागत नाही.

परवा मिस्सेनंतर तो भेटला. ‘पैसे कधी लागतील?’ हे तो आता सर्वांत आधी विचारतो. तीनपैकी दोन महिने त्याचे टार्गेट हुकले. मार्चअखेर काय होते, ते पाहायचे, असे म्हणून तो मुलांना घेऊन स्कूटरकडे गेला.