पेईचा तळहात

दिवे लागले तरी लगेच उठू नका. कॉलेजच्या सभागृहात चर्चेचा माइक पहिल्या रांगेतून निघालाय. तो तुमच्यापर्यंत पोचायला वेळ आहे.

पाय जमिनीला टेकवा. तळहात उघडे करून मांडीवर ठेवा. डोळे मिटा आणि आत्ता पाहिलेल्या सिनेमातला फक्त एक हात आठवा.

'कां द तियारोय', १९८८. दिग्दर्शक उस्मान सेम्बेन आणि तिएर्नो फाती सो. हात पेईचा. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ होतो देश. पश्चिम आफ्रिकेतला हा शिपाई फ्रान्ससाठी लढला, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत सुटला, पण त्याची वाचा गेली. डाकारजवळच्या तियारोयच्या छावणीत आल्या आल्या तो काटेरी तारेपाशी जातो. तिला हात लावतो. सोबती त्याच्या हातात माती देतो, समजावतो, की ही आफ्रिका आहे, आपण घरी आलोय.

इथे थांबा. श्वास सावकाश सोडा. ती माती किती मायेने दिलेली आहे, ते पाहा.

आणि मग तार पाहा. ती तिथे खरोखरच आहे.

पेई हे प्रतीक आहे, असं समीक्षेत लिहिलं जातं. मला ते पटत नाही. प्रतीक म्हटलं की त्याच्या बोटांना काटा टोचायचा थांबतो.

आता ती रात्र. थकलेला पगार हवा, फ्रेंच नोटा अर्ध्या दराने बदलून घेणार नाही, एवढंच शिपायांचं म्हणणं. जनरलने शब्द दिलाय, छावणी आनंदात आहे. मनोऱ्यावरच्या पेईला रणगाडे येताना दिसतात. तो धावत येऊन सोबत्यांना उठवतो, हातवारे करतो. त्यांना वाटतं, बिचाऱ्याला पुन्हा जर्मन दिसताहेत. ते कूस बदलतात.

या कूस बदलण्यापाशी जरा जास्त वेळ राहा. झोपलेले दुष्ट नाहीत. मातीही त्यांच्यातल्याच एकाने दिली होती. त्यांना त्याची कीव येते, म्हणून ते त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. आपल्यालाही असा कुणीतरी आठवेल. आठवू द्या. लगेच स्वतःची बाजू मांडू नका.

१ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने तियारोयमध्ये आपल्याच या शिपायांवर गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडा आधी ३५ होता. इतिहासकार तो कितीतरी मोठा मानतात. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी याला हत्याकांड म्हटलं ते २०२४ साली. सेम्बेन स्वतः त्याच फौजेत शिपाई होते. सिनेमाच्या शेवटी त्यांनी नव्या पोरांना युरोपच्या जहाजावर चढताना दाखवलंय.

माइक शेजारच्या खुर्चीपर्यंत आला असेल. बोलावंसं वाटलं तर बोला. नाहीतर पुढे द्या, आणि तो हात पुन्हा एकदा आठवा: आधी तारेवरचा, मग मातीतला, मग अंधारात कुणाच्या तरी खांद्याला हलवणारा.