गोंगाटाची शिस्त

‘इंडस्ट्रियल’ संगीताची सुरुवात साधारणपणे 1976 पासून, म्हणजे लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या गटाने ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स’ ही संस्था काढली तेव्हापासून मानली जाते, आणि त्या पिढीच्या लेखी यंत्र ही माणसाबाहेरची सत्ता होती: कारखाना, शासन, प्रचारयंत्रणा. ट्रेंट रेझ्नर यांनी ‘नाइन इंच नेल्स’ या नावाने मार्च 1994 मध्ये आणलेल्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या अल्बमने ही सत्ता एका माणसाच्या मनात नेऊन बसवली. त्याचे वेगळेपण कर्कशपणात नसून या स्थलांतरात आहे.

एक निनावी माणूस श्रद्धा, देह आणि समाज यांच्याशी असलेली नाती तोडत आत्मनाशाकडे जातो, हे चौदा गाण्यांचे कथानक काही नवे नव्हते. डेव्हिड बोवी यांचा ‘लो’ आणि पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ यांचे ऋण रेझ्नर यांनीच मान्य केले आहे. मात्र त्यांनी या ऱ्हासाचा भार शब्दांपेक्षा ध्वनीच्या रचनेवर टाकला. पहिल्याच गाण्याच्या आरंभी जॉर्ज लुकास यांच्या ‘टीएचएक्स 1138’ या चित्रपटातील मारहाणीचा आवाज येतो, फटक्यांचा वेग वाढत जातो आणि त्यातून गाणे फुटते. ‘मार्च ऑफ द पिग्ज’मध्ये सात मात्रांचे तीन खंड आणि आठ मात्रांचा एक असे आवर्तन आहे, त्यामुळे ठेका धरू पाहणारा श्रोता दर वेळी चुकतो, आणि हा धुमाकूळ मध्येच तोडून एकटा पियानो वाजू लागतो, तेव्हा ती शांतताच अधिक अस्वस्थ करते.

रचनेची खरी करामत ‘क्लोजर’मध्ये आहे. सॅम्पलिंग म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून नव्या रचनेत बसवणे. या गाण्याचा ठोका तसाच इगी पॉप यांच्या ‘नाइटक्लबिंग’मधून घेतलेला आहे. क्लबांत वाजून वाजून ते निव्वळ कामुक नृत्यगीत ठरले, पण त्याच्या शेवटी पियानोवर उतरत जाणारी जी सुरावट ऐकू येते, तीच पुढे शीर्षकगीतात, नायकाच्या आत्महत्येच्या प्रसंगी, परतते. सुखाच्या क्षणीच शेवट पेरून ठेवण्याची ही युक्ती गाणे सुटे ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही.

लॉस एंजेलिसच्या ज्या घरात 1969 मध्ये अभिनेत्री शॅरन टेट यांची हत्या झाली, तिथे या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले, ही गोष्ट प्रत्येक लेखात येते. तिने प्रसिद्धी वाढली, संगीताच्या आकलनात मात्र काडीची भर पडत नाही. त्याहून बोलके आहे ते रसेल मिल्स यांचे मुखपृष्ठ, ज्यात प्लास्टर, गंजलेले धातू, किडे आणि रक्त एकाच लाकडी फळीवर कुजल्यासारखे दिसतात.

‘हर्ट’ हे अखेरचे गाणे 2002 मध्ये जॉनी कॅश यांनी गायले आणि ते घरोघरी पोहोचले, पण मूळ गाणे संपता संपता जो गोंगाट कोसळतो आणि रेंगाळत राहतो, तो कॅश यांच्या गायनात नाही, त्यामुळे तिथे पश्चात्ताप उरतो आणि यंत्र गळून पडते. कॅश यांचे गाणे अधिक सुंदर असेलही. रेझ्नर यांचे अधिक खरे आहे, परंतु ते पटण्यासाठी आधीची तेरा गाणी क्रमाने ऐकावी लागतात, आणि वाचकांनी ती तशीच ऐकावीत.